परदेशातून पेपर कटिंग मशीन मागवायचंय? आधी मॅट आणि सॉफ्टवेअरचा हिशोब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "दोन वर्षं कात्री आणि कटरने ग्रीटिंग कार्डं, कागदाची फुलं, छोटे बॉक्स करतेय. आता ऑर्डरी वाढल्यात आणि मनगट दुखायला लागलंय. इलेक्ट्रॉनिक कटिंग मशीन परदेशातूनच मागवावं लागणार, तर एकदाच सगळ्यात महागडं मॉडेल घेऊन टाकू का, म्हणजे पुन्हा खर्च नको? मावसभाऊ तिकडून येणार आहे, त्याच्याबरोबर आणवू की कुरिअरने मागवू?"

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. मी गेली नऊ वर्षं हीच कामं करतेय, कार्डं, पॉप-अप, गिफ्ट बॉक्स, भिंतीवर लावायची नावं वगैरे, आणि आतापर्यंत तीन मशिन्स वापरून झालीत, त्यातली दोन समुद्रापलीकडून आलेली. एक रोज चालतं, एक कधीमधी, आणि तिसऱ्यावर सध्या कागदांचे गठ्ठे ठेवते. त्या तिसऱ्यात बिघाड काही नाही, त्याला लागणारी मॅट (कागद चिकटवून मशीनमध्ये सरकवायची शीट) आणि ब्लेड मला मिळेनाशी झाली एवढंच. तुमचा प्रश्न "कुठलं मॉडेल" असा दिसत असला तरी गोम इथेच आहे. मशीन एकदा येतं, पण त्याच्यामागे मॅट, ब्लेड, सॉफ्टवेअर, अडॅप्टर, दुरुस्ती ही वरात वर्षानुवर्षं चालूच राहते, आणि ती तुमच्या दारापर्यंत येऊ शकते का हे बघून मशीन ठरवायचं. महागडं घेतलं की खर्च संपला असं होत नाही, कित्येकदा तिथूनच सुरू होतो, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत त्यामुळे त्या तुम्हीच तपासा. आठवड्याला किती नग करता, त्यातलं किती काम एकाच डिझाइनचं पुन्हा पुन्हा असतं, कागद कुठला वापरता, आणि घरी कॉम्प्युटर आहे की सगळं मोबाइलवर. तुमचे आकार साधे असतील, म्हणजे गोल, टॅग, पाकळ्या, ठरावीक आठ-दहा पानं, तर खरं सांगायचं तर इलेक्ट्रॉनिक मशीन नकोच, हाताने दांडा फिरवायचं डाय कटिंग मशीन आणि मोजके साचे घ्या. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही, लॉगिन नाही, आणि एका वेळी दोन-तीन कागद एकावर एक ठेवून दाबता येतात. इलेक्ट्रॉनिक मशीनची खरी गरज तेव्हा पडते जेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव वेगळं, माप वेगळं, डिझाइन वेगळं, आणि नाजूक जाळीकाम असतं. आणि मनगटाचं म्हणाल तर कापायचं दुखणं जाईल, पण जाळीतले बारीक तुकडे हुकने उचकटून काढायचे असतात, ज्याला वीडिंग म्हणतात, ते हातानेच करावं लागतं आणि तेही मनगटालाच लागतं. हे विकणारा सांगत नाही.

आता तुम्हाला इलेक्ट्रॉनिकच लागणार असं धरून चालते.

आधी हे मशीन कापतं कसं ते नीट समजून घ्या, कारण महागड्या मॉडेलची अर्धी जाहिरात त्यावरच बेतलेली असते. आत एक छोटं ब्लेड असतं, त्याचं टोक दांडीच्या बरोबर मध्यावर नसतं, केसभर बाजूला असतं, त्यामुळे ट्रॉलीच्या बॅगेचं चाक जसं ओढाल तिकडे वळतं तसं हे ब्लेड ओढलं जाईल त्या दिशेला आपोआप वळतं. सरळ रेषेत आणि मोठ्या वळणावर ते मस्त चालतं. टोकदार कोपरा आला की ब्लेडला जागच्या जागी वळावं लागतं, आणि कागद तंतूंचा असल्यामुळे तिथे तो कापला जायच्या ऐवजी उचकटतो. व्हिनाइलचं तसं होत नाही, ते प्लास्टिक आहे. म्हणून व्हिनाइलवरचे व्हिडिओ बघून कागदासाठी मशीन निवडू नका. कागदाला जोर फारसा लागत नाही, त्याला लागते धारदार ब्लेड, कागद घट्ट धरणारी मॅट आणि कमी वेग. क्रिकट कंपनी तिच्या मेकर या वरच्या मॉडेलबद्दल सांगते की त्याचा जोर तिच्याच मधल्या एक्सप्लोअर मालिकेच्या दहापट, साधारण ४ किलोपर्यंत आहे, आणि तो खराच कामाचा आहे पण कापड, चामडं, पातळ लाकूड, जाड पुठ्ठा यांना. तुम्ही ३०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आतला कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाडसर कागद, कापत असाल तर त्या जोराचं तुम्हाला काही करायचं नाही. जाड कागदाला मी एकाच जोरदार फेरीपेक्षा हलक्या दोन फेऱ्या देते, कडा जास्त स्वच्छ येते.

एक अपवाद मात्र आहे, आणि तुम्ही बॉक्स करता म्हणून सांगते. घडीच्या रेषा. मेकरवर स्कोअरिंगचं, म्हणजे घडीची रेषा पाडायचं, चाक बसतं, एक्सप्लोअरवर ते बसत नाही, तिथे बोथट टोकाची स्कोअरिंग स्टायलस वापरायची. जाड कागदाच्या बॉक्सवर चाकाची घडी बघितलीत तर फरक लगेच कळतो, कोटिंग असलेला कागद स्टायलसच्या रेषेवर कधीकधी फुटतो. महिन्याला शेकड्याने बॉक्स होत असतील तर या एका कारणासाठी वरचं मॉडेल घ्यायला मी विरोध करणार नाही. दहा-वीस होत असतील तर स्टायलसने रेषा पाडून हाडाच्या फोल्डरने घडी दाबा, भागतं.

आता सॉफ्टवेअर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

घरगुती वापरात तीन नावं प्रामुख्याने समोर येतात. क्रिकट, अमेरिकेतल्या युटामधली कंपनी. सिल्हूट, हीसुद्धा अमेरिकेतलीच पण जपानच्या ग्राफटेकच्या घरातली, आणि ग्राफटेक व्यावसायिक कटिंग प्लॉटर फार आधीपासून बनवतेय. तिसरं ब्रदरचं स्कॅन-एन-कट, २०१३ पासून बाजारात आहे, त्यात स्कॅनर आतच बसवलेला असतो, म्हणजे हाताने काढलेलं चित्र मॅटवर ठेवलं, स्कॅन केलं आणि कापलं, कॉम्प्युटर न लावताही. तिघांचीही मशिन्स चांगली कापतात, त्यात डावं-उजवं करत बसू नका. फरक मशीन कोणाच्या ताब्यात राहतं यात आहे.

क्रिकट चालतं डिझाइन स्पेस नावाच्या त्यांच्याच सॉफ्टवेअरवर, खातं उघडल्याशिवाय आणि इंटरनेटला जोडल्याशिवाय मशीन सेटअपच होत नाही. शिकायला सगळ्यात सोपं हेच, मान्य. पण दोन जुन्या गोष्टी माहीत असू द्या. पूर्वी त्यांची मशिन्स कार्ट्रिजवर, म्हणजे आत डिझाइनं भरलेल्या डबीवर, चालायची आणि कॉम्प्युटरला जोडायला क्राफ्ट रूम नावाचं सॉफ्टवेअर होतं, ते २०१८ मध्ये बंद केलं. ज्या मशीनवर बटणं होती ती कार्ट्रिजच्या जोरावर चालत राहिली, पण मिनी नावाचं जे छोटं मॉडेल फक्त कॉम्प्युटरवरूनच चालायचं ते मशीन ठणठणीत असूनही निव्वळ शोभेचं झालं. दुसरी गोष्ट मार्च २०२१ ची. कंपनीने जाहीर केलं की सबस्क्रिप्शन नसेल तर महिन्याला फक्त २० स्वतःची डिझाइनं अपलोड करता येतील. लोक इतके खवळले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला हे चांगलंच झालं, पण मशीन आपण विकत घेतलं तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे हे त्या आठवड्यात बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

सिल्हूटचं स्टुडिओ कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होतं आणि इंटरनेट नसलं तरी चालतं, ही मोठी सोय. त्यात खोच अशी की फुकटच्या बेसिक आवृत्तीत एसव्हीजी फाइल (रेषांच्या रूपातलं डिझाइन) उघडत नाही, त्यासाठी वरची डिझायनर एडिशन एकदा पैसे भरून घ्यावी लागते. बाजारात विकत मिळणारी बहुतेक डिझाइनं एसव्हीजी असतात, त्यामुळे मशीनच्या किमतीत हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. नाहीतर बेसिकमध्ये उघडणारी डीएक्सएफ फाइल शोधत बसा. इंकस्केप नावाचं जे मोफत सॉफ्टवेअर आहे त्याला एक एक्स्टेंशन लावून सिल्हूटचं मशीन थेट चालवता येतं, थोडी खटपट आहे पण कंपनीचं सॉफ्टवेअर उद्या बदललं तरी दुसरी वाट उघडी राहते.

आणि मराठी नावं कापणार असाल तर हे आत्ताच वाचून ठेवा. कुठल्याही कटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी थेट टाइप करायच्या भानगडीत पडू नका, जोडाक्षरं फुटली की कळतसुद्धा नाही, कापून झाल्यावर दिसतं. मी इंकस्केपमध्ये टाइप करते, अक्षरांचा पाथ, म्हणजे कापायची रेषा, करते, मग युनियन, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार. युनियन विसरलात तर प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा दुसऱ्यावर चढलेला असतो आणि ब्लेड तो प्रत्येक सांधा कापून ठेवतं, मॅटवरून उचललं की नावाचे तुकडे हातात. युनियन नीट केलं तर मात्र देवनागरीसारखी लिपी नाही, शिरोरेषेला सगळं नाव लटकलेलं असल्यामुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात उचलला जातो, रोमन अक्षरांत हे सुख नाही, तिथे प्रत्येक अक्षर सुटं चिकटवत बसावं लागतं. अनुस्वार मात्र सुटा पडतो. त्याला शिरोरेषेपर्यंत एक बारीक पूल द्या, दीड-दोन मिलिमीटर रुंदीचा. माझ्या पहिल्या वर्षातल्या एका ऑर्डरमध्ये "नंदिनी"चे सगळे अनुस्वार वीडिंगच्या कचऱ्यात गेले होते आणि मी चाळीस "नदिनी" पॅक करून ठेवल्या होत्या, पाठवायच्या आदल्या रात्री लक्षात आलं.

वीज. हा भाग सोपा आहे पण चुकला तर धूर निघतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आणि जगात बऱ्याच ठिकाणी २२० ते २४०. कटिंग मशीनच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात "इनपुट" लिहिलेलं असतं, तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर फक्त पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो. नुसतं १२० असेल तर थांबा. घेण्याआधी विकणाऱ्याकडून त्या लेबलचा फोटो मागवा, माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नका. आणि मशीनबरोबर हीट प्रेस (कापलेलं डिझाइन गरम दाबून चिकटवायचं यंत्र) स्वस्तात मिळतोय म्हणून तो त्याच पार्सलमध्ये टाकायचा मोह होईल, टाकू नका. उष्णता देणारी उपकरणं बहुतेक एकाच व्होल्टेजची असतात. मी हे करून बसलेय. पिन बदलून १२० चा प्रेस २३० च्या बोर्डात लावला, आधी लाइट नेहमीपेक्षा जास्त तेजाने लागला, मला वाटलं वा, मग जळक्या प्लास्टिकचा वास, आणि दहाएक सेकंदांत खेळ खलास. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं म्हणतात, येतं, पण हजार-दीड हजार वॉटला पुरणारा ट्रान्सफॉर्मर प्रेसपेक्षा जड असतो.

आता पैशाचा हिशोब. वेबसाइटवर दिसते ती किंमत म्हणजे नुसती सुरुवात. ड्युटी आणि कराचे दर देशागणिक वेगळे आहेत त्यामुळे नेमका आकडा तुमचा तुम्हालाच काढावा लागेल, पण तो कसा चढत जातो ते दाखवते. बऱ्याच देशांत ड्युटी मशीनच्या किमतीवर न लावता मशीन अधिक विमा अधिक वाहतूक या बेरजेवर लावतात. आणि पुढचा कर ड्युटीसकट झालेल्या बेरजेवर. समजा मशीन १०० ला आहे, वाहतूक २५, विमा १, झाले १२६. उदाहरणापुरती १० टक्के ड्युटी धरली तर १३८.६. त्यावर उदाहरणापुरता २० टक्के कर, म्हणजे १६६ च्या वर. शिवाय कुरिअरची क्लिअरन्स फी, कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार. शंभराची वस्तू पावणेदोनशेला पडली म्हणून लोक कस्टम्सच्या नावाने बोटं मोडतात, पण हे गणित आधी कागदावर मांडलं असतं तर धक्का बसला नसता.

वाहतुकीत आणखी एक गंमत असते, ती म्हणजे आकारमानाचं वजन. कुरिअरवाले खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन साधारण ५००० ने भागतात आणि खरं वजन व हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. खोकं ६५ बाय ३० बाय २५ असेल तर पावणेदहा किलो, आत मशीन सहा किलोचं का असेना. म्हणून "बरोबर व्हिनाइलचा मोठा रोल फुकट" वाली ऑफर घेताना खोकं किती वाढतंय ते विचारा.

विकणाऱ्याला एकच प्रश्न नक्की विचारा, डीडीपी की डीएपी. डीडीपी म्हणजे ड्युटी आणि कर त्याने भरलेत, दारात आणखी काही द्यायचं नाही. डीएपी, ज्याला जुने लोक अजून डीडीयू म्हणतात, म्हणजे ते सगळं तुमच्या गळ्यात. कुरिअरचा माणूस दारात उभा असताना हा अर्थ समजून घेण्यात मजा नाही. कस्टम्सच्या वर्गवारीत ८४४१ हे शीर्षक कागदाच्या कामाच्या मशिन्सचं आहे, कागद कापायची सगळ्या प्रकारची मशिन्स त्यात येतात, तेव्हा दर बघताना शोध तिथून सुरू करा, अंतिम वर्गवारी अर्थात अधिकाऱ्याच्या हातात. आणि विकणारा "बिलावर कमी किंमत दाखवू का" म्हणाला तर नाही म्हणा. बेकायदा आहेच, शिवाय पार्सल वाटेत फुटलं तर विम्याचे पैसेही त्या कमी किमतीचेच मिळतात.

मावसभावाबरोबर आणवायचं का? वाहतूक वाचते हे खरं. पण प्रवाशालाही सवलतीची मर्यादा असते, तिच्या वर गेलं तर तोही ड्युटी भरतो, आणि नात्यातल्या माणसाला विमानतळावर अडचणीत टाकणं बरं नाही, तेव्हा मर्यादा आधी बघून बिल त्याच्याजवळच ठेवायला सांगा. बऱ्याच विमान कंपन्या एका चेक-इन बॅगेला २३ किलो आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर एवढी मर्यादा ठेवतात, मूळ खोकं त्यात बसतं का ते मोजा. ब्लेडं हँडबॅगेत नकोत, चेक-इनमध्ये टाका. आणि हे त्याला दोनदा सांगा: मशीन उघडून बघायचं नाही. नवीन मशीनच्या आत ब्लेडची गाडी हलू नये म्हणून फोम आणि टेप लावलेली असते. माझं दुसरं मशीन घेऊन येणाऱ्याने हौसेने घरी उघडून बघितलं, फोम "कचरा" म्हणून टाकला, आणि प्रवासात गाडी इकडून तिकडे आपटत आली. चाललं, पण डावीकडे जाताना टक असा आवाज यायचा तो शेवटपर्यंत राहिला.

कुरिअरने मागवण्याचा फायदा म्हणजे कागदपत्रं तुमच्या नावावर असतात. वॉरंटी मात्र दोन्हीकडे लंगडीच. बहुतेकदा ती ज्या देशात विकलं तिथपुरती आणि पहिल्या खरेदीदारापुरती असते, आणि नसली तरी बिघडलेलं मशीन परत पाठवायचा खर्च बघितलात तर तुम्ही स्वतःच नको म्हणाल. म्हणून मी परदेशातून घेताना वॉरंटी नाहीच असं धरून पैसे लावते. तेवढी जोखीम झेपत नसेल तर त्याच्याखालचं मॉडेल घ्यायचं.

आता ज्याच्यावरून मी सुरुवात केली ते, मॅट आणि ब्लेड. मॅट म्हणजे एका बाजूला चिकट असलेली प्लास्टिकची शीट, कागद त्यावर चिकटवून मशीनमध्ये सरकवायचा. चिकटपणाचे प्रकार असतात, पातळ कागदाला हलकी पकड, कार्डस्टॉकला मध्यम, जाड पुठ्ठ्याला कडक. कागदवाल्यांच्या मॅटा लवकर मरतात कारण प्रत्येक वेळी कागदाचे तंतू चिकटून राहतात. कोमट पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण टाकून मऊ ब्रशने धुतली की आणखी काही दिवस निघतात, पण शेवटी नवीन लागतेच. सध्या मॅटलेस, म्हणजे मॅटशिवाय चालणारी, मशिन्स आलीत, पण ती सोय पाठीला आधाराचा थर असलेल्या खास मटेरियललाच लागू आहे, साध्या कार्डस्टॉकला मॅट हवीच. तेव्हा तुम्ही निवडलेल्या मशीनच्या मापाची मॅट, दुसऱ्या कंपनीची का असेना, तुम्हाला मिळते का ते मशीन घेण्याआधी बघा. १२ इंची मॅट सगळ्यात जास्त चालते म्हणून सगळ्यात जास्त मिळते, आणि त्यात ए-फोर आरामात बसतो. क्रिकट जॉयसारखं छोटं, साडेचार इंच रुंद कापणारं मशीन दिसायला गोड आहे, पण बॉक्स करणाऱ्याला ते अपुरं पडणार.

मॅटवरून कागद काढायची रीत माहीत नसेल तर चांगल्या मशीनवर कापलेलंही वाया जातं. कागद वर ओढायचा नाही. मॅट उलटी करून टेबलावर ठेवायची, कागद खाली, आणि मॅटच मागे वाकवत सोडवायची, कागद टेबलावर सपाट राहतो. उलट केलंत की जाळीकामाची गुंडाळी होते आणि दोष मशीनला जातो.

परदेशी मशीनमध्ये एक भाषेची अडचणही असते. त्यांच्या सेटिंगमध्ये कार्डस्टॉक पाउंडात दिलेला असतो, ६५, ८०, ११० असा, आणि आपण कागद जीएसएममध्ये विकत घेतो. कव्हर कागदाच्या पाउंडाला २.७ ने गुणा, साधारण जीएसएम येतं: ६५ म्हणजे १७६, ८० म्हणजे २१६, ११० म्हणजे २९८ च्या आसपास. पण पाकिटावर "कव्हर" लिहिलंय ना ते बघा, तेच ११० "इंडेक्स" असेल तर साधारण २०० जीएसएमच. यात घोळ झाला की लोक जास्त दाबाचं सेटिंग लावतात, ब्लेड कागद कापून मॅटमध्ये घुसतं आणि दोन आठवड्यांत मॅटवर नांगरट झालेली असते.

पार्सल येणारच आहे तर त्यातच काय मागवून घ्यावं असं विचाराल तर, दोन जास्तीची ब्लेडं, मध्यम पकडीच्या दोन मॅटा, हलक्या पकडीची एक, स्कोअरिंगचं जे काही त्या मॉडेलला लागतं ते, आणि बस. पंचवीस हत्यारांचा सेट घेऊ नका, त्यातली तीन वापराल. ब्लेड बोथट वाटलं तर टाकून द्यायच्या आधी ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात पाच-दहा वेळा खुपसून बघा, टोकाला अडकलेले तंतू निघतात आणि बऱ्याचदा ते ब्लेड आणखी महिनाभर चालतं.

सेकंडहँड घ्यायचं मनात असेल तर मशीन चालू करून कापताना पूर्ण व्हिडिओ मागवा, मॅटच्या रोलरचा जवळून फोटो मागवा, आणि ते आधीच्या मालकाच्या खात्यातून सुटं केलंय का विचारा. कार्ट्रिजवालं जुनं मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, त्या कार्ट्रिजा एकदा एका खात्याला जोडल्या की दुसऱ्या खात्याला जोडता येत नाहीत.

मग तुमच्या जागी मी काय केलं असतं? १२ इंची, मधल्या श्रेणीतलं मशीन, आणि उरलेले पैसे मॅट-ब्लेडला. इंटरनेट भरवशाचं असेल आणि कॉम्प्युटरशी फार मैत्री नसेल तर क्रिकटचं एक्सप्लोअर. स्वतः डिझाइन करत असाल, मराठी नावांचं काम जास्त असेल तर सिल्हूट कॅमिओ. हातानेच चित्रं काढत असाल आणि कॉम्प्युटर नकोच असेल तर ब्रदर, फक्त त्याची त्या देशातली आवृत्ती तुमच्या व्होल्टेजला चालते का ते लेबल बघून. बॉक्सच्या ऑर्डरी खरंच शेकड्यांनी असल्या तरच मेकर. मावसभाऊ वीस-पंचवीस दिवसांत येणार असेल आणि मर्यादेत बसत असेल तर त्याच्याबरोबर, नाहीतर डीडीपी देणाऱ्या दुकानातून.

मशीन हातात आलं की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि त्याच दिवशी १८० ते २२० जीएसएमच्या कागदावर एक इंचाचं वर्तुळ आणि एक इंचाचा चौकोन कापा. वर्तुळ जिथून सुरू झालं तिथेच येऊन मिटलं पाहिजे, केसभर जरी पुढेमागे झालं तर आधी ब्लेड धारकात नीट खालपर्यंत बसलंय का बघा, मग मॅट सरकतेय का. दोन्ही ठीक असून वर्तुळ मिटत नसेल तर परतीची मुदत असेपर्यंत विकणाऱ्याला फोटोसकट कळवा, "चार दिवस वापरून बघू" म्हणत बसू नका. आणि तुम्ही कुठला कागद वापरता तो जीएसएमसकट, आणि महिन्याचे साधारण नग इथे लिहा, मेकर की एक्सप्लोअर ते मी मग नक्की सांगू शकेन.